पडद्यामागून पाहिलेला माणूस

लोणखेड्याच्या धनुबाईला पाहण्याची भारी हौस. सारंगखेड्याच्या यात्रेला गेली की बाकीच्या बायका दत्ताचं दर्शन घेऊन बांगड्या-बत्ताशांकडे वळत. ही आधी घोडे पाही, मग दोरावरची डोंबारीण, मग पाळणा, आणि दिवेलागणीला सिनेमाच्या तंबूत पदर खोचून सगळ्या बायकांच्या पुढे बसे. तो सिनेमा मुका होता. चित्रं हलत, माणसं ओठ हलवत, आणि बाहेर यंत्राचा खडखडाट चाले. धनुबाईला त्याचं काही वाटत नसे. गावी परतल्यावर ती विहिरीवर सगळी गोष्ट संवादांसकट सांगे, आणि वर आपलं मतही देई. राजाचं काम करणारा सिंहासनावर तलाठ्यासारखा बसतो, नटी रडते फार पण डोळे मात्र कोरडे, असं ती बिनदिक्कत बोले. तिच्या तोंडून ऐकलेला सिनेमा तंबूतल्या सिनेमापेक्षा चांगला असतो, असं बायका म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पण ही हौस वरवरची होती. आत एक काटा रुतलेला होता. तिचा नवरा लोटन बापाशी भांडून घरातून निघून गेला होता आणि परत आला नव्हता. पत्र नाही, निरोप नाही. कोणी म्हणे सुरतेला दिसला, कोणी म्हणे पटकीत गेला. सासरा त्याच झुरणीने वारला. घर आणि शेत धाकटा दीर हिंमतराव सांभाळत होता. त्याच्या मनात पाप नव्हतं. म्हणजे तेव्हा तरी नव्हतं. वहिनीला तो कधी उणं बोलला नाही. धनुबाई कपाळभर कुंकू लावी, हातभर बांगड्या घाली आणि कुणी विचारलं की सांगे, "येतीन. त्यास्ना राग मोठा शे, पन येतीन."

घरातून गेलेल्या माणसाची बारा वर्षं खबर लागली नाही, तर तो मेला असं धरायचं. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि बायकोने कुंकू पुसायचं. लोटनची बारा वर्षं त्या साली भरत होती. भटजी दोनदा येऊन गेले होते. धनुबाई त्यांना पाणी देई आणि आत निघून जाई.

त्याच साली यात्रेत एका संध्याकाळी धनुबाई गाडीपाशी स्वयंपाकाला थांबली होती, तेव्हा हिंमतराव तंबूतून धावत आला. त्याचा श्वास छातीत मावत नव्हता.

"वहिनी, आप्पा जित्ता शे! मन्हा डोयास्नी देखं!"

मुख्य खेळाआधी कंपनीवाले मुंबईच्या गोदीची चित्रं दाखवत होते. बोटीतून पोती उतरवणारे हमाल, त्यातला एक पोतं टाकून थांबतो, घाम पुसतो आणि हसतो. हिंमतरावला तो थेट आपला आप्पा, थोरला भाऊ, वाटला. त्या आनंदात तो रडलाही, आणि ते रडणं खरं होतं. "उद्या तूच देखी ले," तो म्हणाला. "बायकोनी वयखनं म्हनजे पक्कं."

रात्रभर धनुबाईच्या डोळ्याला डोळा लागला नाही. हिंमतरावच्याही नाही. पण माणूस रात्रभर जागा राहिला की त्याच्या डोक्यात नाही नाही ते येतं. भाऊ परत आला तर अर्धं शेत जाईल, हे त्याला तोवर सुचलं नव्हतं. त्या रात्री सुचलं.

दुसऱ्या दिवशी अवघं घर तंबूत. पुरुष पडद्यासमोर, बायका पडद्याच्या मागे. रीतच तशी होती. पडदा पातळ कापडाचा, खेळाआधी त्यावर पाणी मारत, म्हणजे उजेड आरपार जाऊन मागच्या बाजूलाही चित्र उमटे. पुरुषांच्या नजरेस न पडता खेळ पाहायला मिळतो म्हणून बायका खूश, आणि तंबू दोन्हीकडून भरतो म्हणून कंपनी खूश.

गोदी आली. हमाल आले. तो माणूस थांबला, आणि धनुबाई पुढे झुकली. तेच कपाळ, हसताना तोंड तसंच एका अंगाला जाणारं. मग त्याने घाम पुसायला हात वर केला. शेवटची दोन बोटं नव्हती.

लोटनची दोन बोटं गुऱ्हाळात उसाच्या चरकात गेली होती. हळद भरून तो हात धनुबाईनेच बांधला होता, महिनाभर त्याला तिनेच भरवलं होतं. तो हात ती झोपेतही विसरली नसती. तो डावा होता. पडद्यावरच्या माणसाचा हा उजवा.

खेळ संपल्यावर गाडीपाशी सगळे तिच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले. तिला 'हो' म्हणायचं होतं. जीव तोडून म्हणायचं होतं. पण परक्या पुरुषाला नवरा म्हणायचं? कुंकवाच्या लोभापायी? चांगल्या घरची बाई असलं पाप करत नाही, हे तिला आईने दुधाबरोबर पाजलं होतं.

"त्या नहीत," ती म्हणाली. "त्यास्ना डावा हात व्हता. ह्या मानूसना उजवा शे."

 हिंमतराव खाली वाकून बैलाच्या गळ्यातली जोती, जुवाचे पट्टे, घट्ट करत राहिला.

महिन्याभरात प्रकाशा गावी, तापीच्या काठी, पळसाचा पुतळा जळाला. धनुबाईच्या बांगड्या दगडावर फुटल्या. त्यानंतर विहिरीवर तिने कुठलीच गोष्ट सांगितली नाही, आणि तिला सांग म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

काही वर्षांनी धाकटी जाऊ कमलबाईने तिला बळेच यात्रेला नेलं. "बाई, दत्ताना दर्शनले तरी चाल," म्हणाली, आणि दर्शनानंतर तंबूतही ओढून नेलं. धनुबाई मागे कनातीशी टेकून बसली. पडद्यावर कुणा रावबहादुराच्या घरची मेजवानी चालली होती. लांबलचक मेज, खुर्च्या, झुंबर, चांदीची ताटं, वाढपी तुपाची धार धरतोय. आणि पाहुणे एकजात डाव्या हाताने जेवत होते.

बायकांत हशा पिकला. "माय वं! एवढा मोठा लोक, आन डावा हातघाई जेवतस!" एकीने तर नाकाला पदर लावला.

धनुबाई हसली नाही. ती पुढे सरकली. मेजाच्या टोकाला एक भटजी बसले होते. त्यांनी यजमानाला आशीर्वाद दिला, तोही डाव्या हाताने, आणि त्यांचं जानवं उजव्या खांद्यावर होतं. श्राद्धावाचून भटजी असं जानवं घालत नाहीत, आणि डाव्या हाताने आशीर्वाद तर कुठलाच देत नाही.

ती उठली.

"बाई, तठे मानसस्मा कथी चालनी?" कमलबाईने पदर धरला. पदर सुटला. धनुबाई बायकांच्या बाजूचा दोर ओलांडून, पडद्याला वळसा घालून पुरुषांच्या बाजूला आली. पांढऱ्या कपाळाची बाई भर पुरुषांत उभी पाहून ओरडा झाला, "बस, बस खाले!" पण तिने कुणाकडे पाहिलं नाही. ती पडद्याकडे पाहत होती. तीच मेजवानी, तेच पाहुणे. सगळे उजव्या हाताने जेवत होते.

पुढच्याच रांगेत हिंमतराव बसला होता.

"भाऊ," ती त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "तवय तुम्ही आठेच बठेल व्हतात. दोन्ही रोज. कोनता हात व्हता त्या मानूसना?"

हिंमतरावने मान खाली घातली. यंत्र खडखडत होतं. मग तो हळूच, जवळजवळ कुरकुरत म्हणाला, "इचारं तुले व्हतं. तूच नही म्हननी. मंग मी काय बोलू?"

ती वळली आणि थेट तंबूबाहेर पडली.  बाहेर कासाराचं दुकान होतं. धनुबाईने हात पुढे केला. कासार तिच्या कपाळाकडे पाहून अडखळला, तेव्हा तिने हिरव्या बांगड्या उचलल्या आणि आपल्या हाताने चढवल्या. एक फुटून मनगटात घुसली, तरी थांबली नाही.

गोदीत तिने कुणाकुणाकडून तपास करवला, पण इतक्या वर्षांनी तिथे ओळखीचं कोण उरणार? लोटन आला नाही. गावाने तिला खुळी ठरवलं, लग्नकार्यात बोलावणं सोडलं, आणि ती बांगड्या वाजवत गावातून फिरत राहिली. पितृपक्षात हिंमतराव दरवर्षी भावाच्या नावाने छपरावर पान ठेवी. कावळ्याने चोच लावायच्या आत धनुबाई शिडी लावून वर चढे आणि ते पान उचलून आणी.

"जित्ता मानूसले कसाना घास?" ती म्हणे, आणि ओट्यावर बसून, दिरासमोर, ते सगळं स्वतः खाऊन टाकी.