डावीकडचा पांढरा डाग

गिरणी बंद पडल्यावर बाबांना मुलुंडच्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी लागली आणि त्याच वर्षी त्यांचा आवाज बसला. दोन महिने मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी मीच त्यांना घाटकोपरला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी जीभ कापडात धरून बाहेर ओढली, छोटा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर कोमट करून घशात घातला. स्वरयंत्रावर दोन डाग होते. डावीकडे मोठा पांढरा, उजवीकडे बारीक लालसर. भूल देऊन दोन्हींचे तुकडे तपासले. कॅन्सर नव्हता, पण पेशी बदलायला लागल्या होत्या, डावीकडे जास्त.

पुढे कॅन्सर होईल का, मी विचारलं.

"काहींना होतो, बऱ्याच जणांना होत नाही. तुमच्या वडिलांचं काय, ते मला सांगता येणार नाही."

बिडी सोडायची आणि दर तीन महिन्यांनी यायचं, एवढंच ठरलं. दर वेळी मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढायची आणि तेच वाक्य ऐकून परत यायचं. एकदा वैतागून मी म्हटलं, मग तुम्ही बघता तरी काय? ते रागावले नाहीत. केसपेपरवर काढलेली डागांची चित्रं दाखवून म्हणाले, बदल बघतो.

घरी वेगळाच ताप. बाबा बिड्या मीटरच्या पेटीत लपवायचे. मी फेकून दिल्या, तर म्हणाले, "डॉक्टराक म्हायत नाय, तुका म्हायत नाय, मग मी कित्याक सोडू?" मी आणखीच भडकले.

दुसऱ्या वर्षी उजवीकडचा डाग सुजला. पुन्हा तुकडा काढला. कॅन्सर निघाला.

"मला भीती डावीकडच्याची होती," डॉक्टर म्हणाले. मी त्यांना काहीबाही बोलणार होते, पण त्यांचाच चेहरा इतका उतरला होता की पुढे काय करायचं, एवढंच विचारलं. लवकर सापडल्यामुळे स्वरयंत्र काढावं लागलं नाही, सहा आठवडे रेडिएशनचा शेक दिला. कॅन्सर कळला त्याच आठवड्यात बाबांनी बिडी सोडली, एका शब्दानेही न सांगता. आधी सोडली असती तर, हे मी त्यांना कित्येकदा ऐकवलं. ते ऐकून घ्यायचे.

आवाज खरखरीत झाला, पण पुढची अनेक वर्षं टिकला. तो पांढरा डाग शेवटपर्यंत होता तसाच राहिला. का, ते कुणालाच सांगता आलं नाही.