नानांचा चौक

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षरही वाकडं. कोणी वाचलंच तर चुकलेलं सांभाळून घ्यावं. माझे सासरे, आमचे नाना, गेले तेव्हा मी पारोळ्याला माहेरी होते. दीर निरोप घेऊन आले आणि रडू येण्याआधी मला लाजच वाटली... ती अजून गेली नाही.

धुळ्याच्या आमच्या बैठकीत जुन्या चौकाचं मोठं चित्र होतं, नानांच्या लहानपणी एका फिरस्त्या चित्रकाराने काढलेलं. कापसाच्या गाड्या, हौदावरचे बैल, मधोमध घोड्यावर साहेब. पाहुण्यांना वाटे, चित्र साहेबाचंच. नाना काठीने दाखवत म्हणत, नीट बघा, साहेबाकडे एकही माणूस बघत नाही. सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या वजनाच्या काट्याकडे आहेत, आज कापसाला काय भाव फुटतो म्हणून. काट्याजवळचा लाल पागोट्याचा माणूस म्हणजे त्यांचे वडील.

पुढे पुढे ते मला विचारू लागले, "बाई, बापना पागोटाना रंग उडी गया का?" मला वाटे, अडाणी सुनेची परीक्षा घेताहेत. मी दाराआडूनच चुलीकडे वळे. सासऱ्यांच्या तोंडाकडे बघायची आमच्यात रीत नाही. रोजचं ताट मीच वाढायची, पण त्यांचे डोळे मी कधी पाहिलेच नव्हते...

दुष्काळ सरला त्या दिवाळीला नाना दुकानात असताना आम्ही बैठकीला चुना दिला. चित्र मीच आत नेऊन ठेवलं. नानांना वेगळं सांगायला हवं, हे कोणाच्या मनातही आलं नाही. दुपारी त्यांच्यासोबत जळगावचे व्यापारी आले. साऱ्या घरालाच चुन्याचा वास होता. नानांनी काठी उचलली आणि ते कोऱ्या भिंतीवर चौक दाखवायला लागले. गाड्या, हौद, बैल, एक जागा चुकली नाही. काठीच्या टोकाला ओला चुना लागत होता.

"हाऊ लाल पागोटावाला मना बाप शे."

एक व्यापारी म्हणाला, "नाना, आज बाजार बंद शे का?" बाकीचे हसले. नानांनी भिंतीला हात लावला, हात धोतराला पुसला आणि तेही हसले. मी दाराआड होते. पुरुषांत बोलायचं कसं, म्हणून उभीच राहिले.

डोळे गेल्याचं त्यांनी लपवलं होतं, ते दुकानाच्या गादीसाठी. दुसऱ्या दिवशी गादी आपणच सोडली. चित्र परत लागलं, पण नाना त्याच्याकडे पाठ करून बसू लागले. एकदा मी ताट ठेवलं तेव्हा त्या दुपारचं काढून हळूच म्हणाले, "बाई, तू तठेच व्हती ना?"

"हो," मी म्हटलं. सासऱ्यांशी बोललेला माझा पहिला शब्द तो.

त्यांनी मान हलवली आणि ताटात भाकरी चाचपू लागले. पदर मागे सारून मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं... त्यांना ते कळलं नाही.