‘बस, सांग’ म्हणणाऱ्या मावशी

बेल वाजली की मावशींचा पाय शिलाई मशीनवरून आपोआप उचलला जायचा. फिरतं चाक तळहातानं थांबवायचं, सुई तशीच कापडात ठेवायची आणि दाराकडे वळून म्हणायचं, “बस. सांग.”

आलेली बाई ब्लाउज शिवायला टाकायला आली आहे की रडायला, हे त्यांना चेहऱ्यावरूनच कळत असावं. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असं एक दार असेल, जिथे लोक काही काम नसताना जातात. चारकोपला आमच्या समोरचं दार तसं होतं.

मावशी मूळच्या नगरकडच्या. लग्न होऊन इथे आल्या. रविवारी पांढरी साडी नेसून चर्चला जायच्या, बाकीचे दिवस घरात बसून शिवणकाम. त्यांनी दिलेली तारीख म्हणजे नुसती त्यांची इच्छा असायची. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या सकाळी माझा ब्लाउज तयार नव्हता. शेवटी मावशी माझ्याबरोबर रिक्षात बसल्या आणि बोरिवलीच्या हॉलपर्यंत हुक लावत आल्या.

एकदा मी वैतागून विचारलं, “मावशी, सारखं कोणी ना कोणी येतं. कटकट नाही होत?”

“होते ना. पण सकाळी प्रार्थनेत मीच म्हणते, प्रभू, आज ज्याला माझी गरज असेल त्याला पाठव. मग त्यानं पाठवल्यावर दार कसं लावू?”

मग त्यांनी सांगितलं, येशू एका बापाच्या आजारी मुलीकडे घाईनं निघाला होता. वाटेत गर्दीत एका दुखणाईत बाईनं त्याच्या कपड्याच्या काठाला हात लावला आणि तो तिच्यासाठी थांबला.

“आणि ती मुलगी?”

“तोवर गेली होती. त्यानं जाऊन तिला उठवलं.” मावशींनी सुईत दोरा ओवला. “तो प्रभू होता गं. मला उशीर झाला तर उशीरच होतो.”

त्यांना पूर्वी एकदा तसा उशीर झाला होता. खालच्या मजल्यावरच्या सुनेला दुपारीच कळा सुरू झाल्या, घरात दुसरं कोणी नव्हतं. मावशी तिला घेऊन हॉस्पिटलमध्ये गेल्या. इकडे त्यांच्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. मुलगा दहावीत. त्यानं आईला फोन लावला, तर तो घरातच, मशीनवर वाजला. मावशी घरी परतल्या तेव्हा सगळं संपलं होतं.

खालच्या घरात मुलगी झाली होती. ती माणसं मावशींना तोंड दाखवायला धजेनात. मावशीच एक दिवस बाळाला झबलं घेऊन गेल्या.

मुलगा मात्र तेव्हापासून कमी बोलायला लागला. मोठा झाला, नोकरीला लागला, आईची काळजी घेई, पण एकदा जिन्यात मला म्हणाला, “आई सगळ्यांची आहे. मी पण रांगेतच आहे.”

मागच्या वर्षी मावशींच्या पोटात गाठ निघाली. उपचार झाले, पण उपयोग होणार नव्हता. मुलानं रजा घेतली आणि दारावर कागद चिकटवला: ‘आई आराम करत आहे. बेल वाजवू नये.’ लोकांनी त्याचं ऐकलं. कोणी पेजेचा डबा दाराशी ठेवी आणि चपलांचा आवाज न करता निघून जाई.

तो औषधं आणायला गेला की मी मावशींजवळ बसायचे. एक दिवस त्या म्हणाल्या, “लोक माझ्यावर रागावलेत का गं? कुणीच येत नाही.”

मला खोटं बोलवेना. मी कागदाचं सांगितलं. मुलगा आल्यावर त्या त्याला एवढंच म्हणाल्या, “ते काढ रे.”

“डॉक्टरांनी सांगितलंय, आई.” औषधाची पिशवी त्याच्या हातातच होती. “आणि मला कधी मिळणार तू? बाबा गेले तेव्हाही मी एकटाच होतो.”

इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला असावा. मावशींनी कष्टानं सरकून पलंगावर जागा केली.

“बस,” त्या म्हणाल्या. “सांग.”

मी दार ओढून घेतलं आणि माझ्या घरी आले. त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी कागद दारावर नव्हता.

लोक पुन्हा यायला लागले. मावशींना फारसं बोलवत नसे, त्या नुसत्या ऐकायच्या. शेवटच्या दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या मालवणी काकू त्यांचा हात हातात घेऊन आपल्या सुनेबद्दल काहीबाही सांगत होत्या. बऱ्याच वेळानं काकूंची हाक आली आणि मी धावले. स्वयंपाकघरातून मुलगाही आला.

“डोळे मिटून ऐकतत असा वाटला माका,” काकू म्हणाल्या. “माजा सगळा सांगान झाला, तरी काय बोलाक नाय.”

मुलगा पलंगाच्या कडेला बसला. काकू अपराध्यासारख्या उठायला लागल्या, तसा त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं. मावशींचा हात अजून काकूंच्याच हातात होता. त्यानं तो सोडवून घेतला नाही.