जयवंताबाईचे सात दगड

जयवंता इनवातीला मी फसवलं नाही, चुकीचा सल्ला दिला, एवढंच. हे वाक्य मी गेली पाच वर्षं स्वतःला ऐकवतो आणि एकदाही पटत नाही.

सौसरजवळ, रामाकोन्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला तिची तीन एकर ज्वारी. ती जमीन जंगलखात्याची ठरली, हटायची नोटीस आली. बाईकडे कागद एकही नव्हता. होते सात दगड. या गोंड घरात माणूस गेला की त्याच्यासाठी दगड उभा करत. त्यावर नाव कोरत नसत. सासरा, सासू, दीर, नवरा, असे सगळे बांधावर ओळीने उभे. मजुरीवरून परतताना ती नवऱ्याच्या दगडापाशी थांबायची. दिवस वाईट गेला असला तर त्याच्यावरच खेकसायची.

१९८४ साली मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र, दोन्हीकडच्या आदिवासी गावांची आम्ही संयुक्त समिती केली. मी मोहगावचा देवीदास, शाळेतला कारकून. अक्षर बरं म्हणून चिटणीस झालो. मोर्चा ठरला. मोर्चासाठी नागपूरहून आलेले पाहुणे म्हणाले, दगड हाच पुरावा, तो जंगलखात्याच्या साहेबाच्या दारात नेऊन ठेवा, पेपरात फोटो येईल. मी अक्कल गहाण ठेवून मान डोलावली.

"दगड हालवत नाई, भाऊ," जयवंता म्हणाली. "थे लोकं तिथं राहून राहिले."

"एका दिवसाचं काम हाय, माय. सांजच्याले परत रोवून देतो."

तिने विश्वास ठेवला. बैलबंडीत गवत पसरून दगड स्वतः निजवले. मोर्चा जोरात झाला, फोटोही आला. दगड मात्र पुरावा म्हणून कचेरीत जमा झाले, आणि पावती मिळाली म्हणून मी खूश!

महिन्याभराने साहेब शेत बघायला आले. बांधावर पावसाने बुजत आलेले सात खड्डे. "दगड काय, कुठूनही आणता येतात," ते म्हणाले. पंचनाम्यात लिहिलं, जागेवर जुनी खूण नाही. खाली चिटणीस म्हणून माझी सही आहे. बरं अक्षर.

शेत गेलं. जयवंता सौसरला मजुरीला लागली. दोन वर्षं अर्ज करून मी दगड सोडवले आणि तिला घेऊन गेलो. कचेरीमागे ढीग पडला होता. तिने एकेकावर हात फिरवला, उलटून पाहिला, पुन्हा पहिल्यापाशी आली.

"घे ना माय, तुहेच हायेत."

"माहेच हायेत," ती म्हणाली. "पर मी त्याईले जागेवरून ओयखत होती, भाऊ. याच्यातला माहा मानूस कोनता?"