पदरभर कोदो

देवाशी माझा अबोला चालू होता, तेव्हाची ही गोष्ट आहे. अबोला म्हणजे साधा रुसवा नव्हे. देवघरातली पितळेची अन्नपूर्णा उचलून मी कणकेच्या रिकाम्या डब्यात ठेवली होती आणि वरून झाकण घट्ट लावले होते. दिवा बंद, उदबत्ती बंद. भिलाईच्या सुपेल्यात माझी खानावळ आहे. रोज दोन वेळा माणसे माझ्या हातचे जेवून तृप्त होऊन जातात आणि मला स्वतःला घास गिळता येत नव्हता. पोळीचा तुकडा तोंडात घोळवायचा आणि शेवटी बेसिनमध्ये टाकायचा. चहात बुडवलेल्या बिस्किटांवर दिवस काढत होते. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि काही नाही म्हणून सांगितले. ब्लाऊज खांद्यावरून उतरू लागले तेव्हा मात्र मला भीती वाटली. आपण अशाच संपणार की काय, आणि खाली पंगत बसलेली असताना वर खोलीत कोणाला कळणारही नाही, असे वाटे.

कारण मला ठाऊक होते. आम्ही भंडाऱ्याकडचे. आमच्यात लेक सासरी निघाली की माय तिच्या ओंजळीत अन्नपूर्णा देते. ही मूर्ती विकत घ्यायची नसते, माहेरूनच यावी लागते. मी घरच्यांच्या मनाविरुद्ध, दुसऱ्या जातीच्या माणसाशी देवळात लग्न केले. माय आली नाही, म्हणून अन्नपूर्णाही आली नाही. सासूने पहिल्याच दिवशी ऐकवले, "रिकाम्या हातानं आली जी ही." मी दुर्गच्या बाजारात जाऊन, पितळेच्या दुकानदाराशी घासाघीस करून, स्वतःची अन्नपूर्णा घेऊन आले. शेजारीण म्हणाली, विकतची अन्नपूर्णा घरात टिकत नाही. मी म्हटले, टिकवून दाखवते. एका स्टोव्हवर डबे सुरू केले, स्टील प्लांटमधल्या एकट्या पोरांना जेवू घातले, त्याची मेस झाली, मेसची दोन मजली इमारत झाली. भाजीवाले मला लांबून पाहून आधीच भाव उतरवून सांगतात. फुकट कोणाचे घेतले नाही आणि कोणाला जास्तीचे दिले नाही, याचा मला अभिमान होता.

पुढे मायशी येणे-जाणे सुरू झाले. ती सेक्टर सहामध्ये माझ्या धाकट्या भावाच्या क्वार्टरमध्ये राहायची. माझ्या घरी येऊन बसायची, पाणी प्यायची, जेवायची मात्र नाही. मी ते सोसले. पण भाचीच्या लग्नात, भरल्या मांडवात, मायने स्वतःची अन्नपूर्णा नातीच्या ओंजळीत ठेवली तेव्हा माझा तोल गेला. जे लेकीला दिले नाही ते नातीला दिले! मी तिथेच तोंड सोडले आणि जेवणाच्या ताटावरून उठून आले. त्यानंतर त्या घरात पाऊल टाकले नाही. काही महिन्यांनी माय गेली. माझे गाऱ्हाणे खोटे होते असे मला आजही वाटत नाही. पण ज्याच्यावर ते घालायचे ते माणूसच उरले नाही की गाऱ्हाणे माणसाला आतून खाते. नवरा आधीच गेलेला, मुलगा हैदराबादला. घरात बोलायला उरली ती एक विकतची मूर्ती, आणि तीही मी डब्यात कोंडली.

शेवटी ठरवले की ही मूर्ती पाण्यात सोडून मोकळे व्हायचे. शिवनाथ नदीवर गेले तर ओळखीचे कोणीतरी भेटणारच. तेवढ्यात चौकातल्या एका दुकानात फलक दिसला: एका दिवसाची सहल, डोंगरावरच्या शेतीला भेट, सोबत गाइड. फोटोत शेताच्या कडेने ओढा वाहताना दिसत होता. मला एवढेच हवे होते. गाइड हा मिश्या राखलेला, बोलघेवडा, चाळिशीतला माणूस होता. मी सवयीने भाव पाडायला बसले.

"माताजी, खाना तो पैकेज में है, वो नहीं कटेगा," तो म्हणाला.

"मैं खाती नहीं. जो खाऊंगी नहीं, उसका क्यों दूं?"

"पहाड़ का खाना है, कोदो का भात, कुल्थी की दाल. खाके तो देखिए."

"मेरी खुद की मेस है. मुझे भात मत बेचो."

त्याने हसत हात जोडले आणि माझ्या तिकिटावर 'बिना भोजन' असे लिहिले. जिंकल्यासारखे वाटून मी घरी आले. निघताना डब्यातून मूर्ती काढली, नॅपकिनमध्ये गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. तिच्याकडे नीट पाहिलेही नाही.

बस सकाळी सुपेल्याच्या चौकातून सुटली. सगळी जोडपी आणि कुटुंबे. पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून विचारले, "एकट्याच आल्या काय जी तुमी?" मी म्हणाले, "हो. एकटीले सीट बी पूर्ण भेटते." ती हसली आणि नवऱ्याला संत्रे सोलून देऊ लागली. बेमेतरा मागे पडले, कवर्धा गेले आणि रस्ता डोंगर चढू लागला. काचेवर दव साचले. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर माझी पर्स होती आणि पर्समध्ये ती. गाइडने माइकवर सांगितले की आज पौषाची पुनव, छेरछेरा. छत्तीसगडात आजच्या दिवशी लहानथोर सगळे दारोदार धान्य मागतात, गावचा जमीनदार मालगुजारसुद्धा मागतो, आणि कोणी नाही म्हणत नाही. मी इतकी वर्षे भिलाईत काढली, पोरे दारात येऊन ओरडायची, त्यांना नोकराकडून पसाभर तांदूळ देववत होते. आपणही मागायचे असते, हे कधी मनातही आले नव्हते.

शेत पठारावर होते. वर मोकळे आभाळ, खाली साल वृक्षांचे काळपट रान, मधे कापून झालेल्या कोदोची, म्हणजे आपल्या कोद्र्याची, खळी आणि अंगाला झोंबणारा वारा. गाइडने मळणी दाखवली, जात्यावर कोदो कसे भरडतात ते दाखवले, सगळ्यांनी फोटो काढले. मग झाडाखाली पानांच्या पत्रावळी मांडल्या गेल्या. मी बाजूला उभी राहिले तेव्हा गाइड मोठ्याने म्हणाला, "माताजी का आज उपवास है! इन्होंने तो भगवान से भी कटवा लिया." लोक हसले. वाईट हेतू नव्हता त्याचा. पण वाफाळत्या भाताचा वास येत होता आणि पन्नास माणसांच्या पंगतीत माझ्याच नावाची पत्रावळ नव्हती. ती मीच घासाघीस करून काढून टाकली होती. मी पर्स छातीशी धरली आणि ओढ्याची वाट धरली.

ओढ्यात पाणी पायाच्या घोट्याइतके होते. फोटो पावसाळ्यातला असावा. इतके निवळ पाणी की तळातला एक एक खडा मोजून घ्यावा. मूर्ती सोडली असती तर ती तिथेच, माझ्याकडे पाहत, उताणी पडून राहिली असती. मी नॅपकिन सोडला. हातात पळी घेऊन बसलेली ती एवढीशी बाई. डब्यात राहून काळी पडली होती. मी तिला म्हणाले, "तुले मी विकत आणलं म्हणून तू माझी झाली नाही काय?" थंडीने बोटे बधिर झाली होती. सोडवतही नव्हते आणि ठेवून घेववतही नव्हते. तशीच बसून राहिले.

तेवढ्यात मागच्या पायवाटेने ढोलकीचा आवाज आला. गावातल्या पाचसहा बाया, एकीच्या गळ्यात ढोलकी, डोक्यावर टोपल्या. मला एकटी बसलेली पाहून त्यांच्यातली एक म्हणाली, "चल दाई, तहूं चल." चल आई, तूही चल. आणि तिने हात धरून मला उठवलेच. मी का गेले ते मला सांगता येणार नाही. एरवी मी कोणी ओढल्याने हलणारी बाई नव्हे. मूर्ती पर्समध्ये टाकली आणि त्यांच्या मागे चालू लागले.

एका कुडाच्या घराच्या दारात म्हातारी उभी होती. वाकलेली, कपाळावर आणि हातांवर गोंदण, हातात कोदोने भरलेले सूप. एकेक बाई पुढे होई, "छेरछेरा, माई" म्हणे आणि म्हातारी तिच्या टोपलीत सुपातून ओती. माझी पाळी आली. माझा हात आपोआप पर्समध्ये गेला.

"क्या भाव है?" मी विचारले.

म्हातारीने माझ्याकडे पाहिले. "आज बेचे के दिन नोहय, दाई." आज विकायचा दिवस नव्हे.

"मग? फुकट मी घेत नाही."

ती बहुधा शब्द समजली नसेल, सूर समजली असेल. सूप तसेच धरून म्हणाली, "मांगबे त देहूं." मागशील तर देईन.

एवढे दोन शब्द बोलायचे, पण माझ्या तोंडातून निघेनात. आयुष्यभर मी भाव केला, हक्क सांगितला, हिसकावून घेतले, भांडून मिळवले. मागितले कधीच नाही. मायकडेही नाही. मागे उभ्या बाया हसू लागल्या, ढोलकीवाली म्हणाली, "सहर के दाई लजावत हे." माझ्याजवळ टोपली नव्हती. मी पदर पसरला. आणि पसरताच आठवले की नवरा गेल्यापासून या पदरात कोणी काही घातलेले नाही. आमच्याकडे विधवेची ओटी भरत नाहीत. मी पदर मागे घेतला आणि मोकळ्या कपाळाकडे बोट दाखवले.

म्हातारी खळखळून हसली. तोंडात दात दोनच. "छेरछेरा म का अहिवाती, का रांड़ी! आज सब मंगइया हें." आज कोण सवाष्ण आणि कोण रांडाव? आज सगळे मागणारेच.

"छेरछेरा, माय," मी म्हणाले.

'माई' म्हणायचे होते, तोंडून 'माय' गेले. तिने सूप कलंडले. बारीक, गोल, करडे दाणे सळसळत पदरात आले आणि पदर जड झाला. मग तिने वाकून माझ्या पदरातून चिमूटभर दाणे उचलले आणि परत आपल्या सुपात टाकले.

माझी माय शेजारच्या लेकींच्या ओट्या भरायची तेव्हा शेवटी असेच करायची. ओटीतले चार दाणे परत घ्यायची. "माहेर रिकामं नाही होवाले पायजे," म्हणायची. या डोंगरात ही रीत आहे की म्हातारीला दिलेले जास्त वाटले, मला माहीत नाही. मी विचारले नाही. विचारण्याच्या स्थितीत नव्हते. दारातच खाली बसले आणि पदर दोन्ही हातांनी धरून इतकी रडले की बायांची ढोलकी थांबली. म्हातारीने सूप खाली ठेवले. आत गेली आणि वाडग्यात कोदोची पेज घेऊन आली. "ले, पेज पी ले." आम्हीही तिला पेजच म्हणतो. मी वाडगा तोंडाला लावला. खाली उतरेल की नाही, हे बघायचेही सुचले नाही. पेज उतरली. सगळी उतरली. तिने अजून ओतली, तीही संपवली. तिचे नाव मला माहीत नाही आणि माझे तिला.

बसमध्ये चढताना गाइडने माझ्या गाठ मारलेल्या पदराकडे पाहिले. "माताजी, कुछ खाया कि नहीं?"

"खाया. तुमच्या पॅकेजात धरू नका," मी म्हणाले. तो काय समजला कोण जाणे, पण त्याने आपली शाल माझ्या सीटवर टाकली. मी ती भाव न करता घेतली. बस घाट उतरताना मी पदराची गाठ सैल केली आणि पर्समधली मूर्ती त्या कोदोत बसवली. अन्नपूर्णा धान्यात बसते, तशी. भिलाईपर्यंत ती माझ्या मांडीवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेक्टर सहामध्ये गेले. दार भावजयीने उघडले. सुनंदा तिचे नाव. मला पाहून तिचा हात कडीवरच राहिला.

"ताई? तुमी? इतक्या सकाळी?"

"छेरछेरा," मी म्हणाले आणि पदर पसरला.

"तो तं काल झाला ना."

"एक दिवस उशीर झाला. तेवढं चालवून घे."

आतून भाऊ आला, दाढीला साबण लागलेला. माझा पसरलेला पदर पाहून त्याचा चेहरा उतरला. "ताई, मायची अन्नपूर्णा तं पोरीच्या घरी हाय. मी कुठून देऊ?"

"अन्नपूर्णा कोण मागून राह्यलं रे? मूठभर तांदूळ दे म्हणते मी."

सुनंदा आत गेली. बराच वेळ आली नाही. विधवा नणंदेच्या पदरात कसे घालायचे, हा विचार करत असेल असे वाटले आणि मी तशीच उभी राहिले. मग ती आली. तिच्या हातात मायचे सूप होते, कडेला कापडाची पट्टी शिवलेले. तिने ते हलकेच कलंडले. मी चार दाणे उचलले आणि परत सुपात टाकले. तोंडावरचा साबण तसाच ठेवून भाऊ दाराला टेकून उभा होता आणि ते चार दाणे पाहत होता.

आता देवघरात वाटीभर कोदो आणि तांदूळ एकत्र आहेत आणि त्यात माझी विकतची अन्नपूर्णा बसली आहे. चिंचेने घासल्यावर ती पुन्हा लखलखली. भाऊ-भावजयीशी सगळे गोड झाले असे नाही. सणावाराला फोन होतो, इतकेच. माय माझ्या घरी जेवली नाही ते नाहीच जेवली, आणि संध्याकाळी वरची खोली अजूनही तेवढीच मोठी वाटते. भाजीवाल्याशी माझी भांडणेही आहेत तशीच आहेत. फक्त पंगत उठल्यावर मी एक ताट स्वतःसाठी वाढते, आणि पहिल्या घासाआधी देवघरासमोर पदर पसरून उभी राहते. काही ठरवून मागत नाही. पसरायचा एवढेच. द्यायचे ते देणारीने पाहावे. मग खाली बसते आणि जेवते.