बिनहाडाचा पिक्चर

कुरुंद्याच्या खाजा मियाला आपल्या पिक्चरांची नावं कधीच लक्षात राहिली नाहीत. तो ते हाडांवरून ओळखायचा. मनगटाचा पिक्चर, बरगडीचा पिक्चर, आणि त्याहून मोठ्या खर्चाचा, परदेशी कॅमेरा आणलेला मांडीच्या हाडाचा पिक्चर. ज्या माणसानं उमेदीची सगळी वर्षं घोड्यावरून पडण्यात घालवली, त्यानं दुसरं काय लक्षात ठेवावं?

त्या काळी हिंदी सिनेमाला टोप्यांचं वेड लागलं होतं. रुंद काठाच्या टोप्या, चामड्याच्या बंड्या, कमरेला पिस्तूल, आणि उघड्याबोडक्या माळावर धूळ उडवत धावणारे घोडे. हे सगळं अमेरिकेतून उचललेलं होतं. पडायला माणसं मात्र इथलीच लागायची, कारण अमेरिकेतून माणूस आणून त्याला पाडणं निर्मात्याला परवडत नसे.

खाजाचा बाप वसमतच्या स्टेशनावर टांगा हाकायचा. माळेगावच्या जत्रेत त्यानं एक घोडा मुंबईच्या व्यापाऱ्याला विकला. हा व्यापारी सिनेमावाल्यांना घोडे पुरवायचा. घोडा चावरा आहे हे बापानं सौदा होईपर्यंत सांगितलं नाही, आणि सौदा झाल्यावर घोड्यानं स्वतःच सांगितलं. खाजा जवळ असल्याशिवाय तो ट्रकमध्ये पाय ठेवेना. शेवटी दंडाला फडकं बांधून घेत व्यापारी म्हणाला, पोरगंही द्या. घरात खाणारी तोंडं भरपूर होती, त्यामुळे बापानं फार घासाघीस केली नाही.

मुंबईत पहिल्याच दिवशी घोडा बुजला आणि खाजा असा काही उताणा पडला, की फाइट मास्टर खुर्चीतून उठून आला. लागलं का, असं त्यानं विचारलं नाही. परत असाच पडशील का, असं विचारलं. खाजा हो म्हणाला आणि तिथंच त्याचं आयुष्य ठरलं.

पडणं ही काही येरागबाळ्याची गोष्ट नव्हे. जिथं पडायचं तिथली माती आधी उकरून भुसभुशीत करावी लागते. रिकिबीतून पाय वेळेवर सुटावा लागतो, नाहीतर घोडा पुढे आणि माणूस त्याच्यामागे फरफटत, अशी वरात निघते. गोळी छातीत लागली तर मागे पडायचं, पाठीत लागली तर पुढे, आणि हिरो भलतीकडेच बघत गोळी झाडत असेल तरीही ताबडतोब पडायचं, कारण हिरोचा नेम चुकत नसतो. कित्येकदा तर हिरो त्या दिवशी तिथं नसायचाच. तो दुसऱ्या स्टुडिओत नाचत असायचा. खाजा तरीही इमानेइतबारे मरायचा. एकाच पिक्चरात मध्यंतराच्या आधी दाढी लावून मेला आणि मध्यंतरानंतर नुसती मिशी लावून पुन्हा मेला, असंही झालं.

पिक्चर वसमतच्या टॉकीजला लागला की अर्धं कुरुंदा एस.टी.नं जायचं. पडद्यावर घोडे आले की लोक सरसावून बसत. "त्यो बघ, दाढीवाला, आपला खाजा." मग बार व्हायचा, दाढीवाला पडायचा आणि टॉकीज टाळ्यांनी दणाणायचं. हिरोनं आपल्याच गावच्या माणसाला मारलं, याचं कुणाला तसूभरही वाईट वाटत नसे.

पुसेगावच्या नजमुन्निसाचं त्याच्याशी लग्न ठरलं, तेव्हा तिच्या माहेरी एवढंच सांगितलं होतं की पोरगा मुंबईला सिनेमात आहे. सिनेमात नेमकं काय करतो, हे तिला पहिल्या तारेनं कळलं. हाड मोडलं की युनिटवाले तार करायचे आणि त्याला रेल्वेत बसवून द्यायचे. मग हा गडी प्लास्टर सांभाळत वसमतला उतरायचा आणि महिना-दोन महिने ओसरीतल्या बाजेवर पडून राहायचा. नजमुन्निसा सुजलेल्या अंगाला हळदीचा लेप लावायची, भाकरी कुस्करून भरवायची आणि जोडीला भांडायची. घरात बोलणं दखनीत चाले, पण भांडण ती मराठीत करायची. शेजारणींना निवाडा देता आला पाहिजे ना.

"लोकायची माणसं पगार आणून राहिली," ती म्हणायची, "माझं माणूस तुकडे आणून राहिलं."

शेजारणींचा निवाडा दर वेळी तिच्याच बाजूनं लागायचा.

या सगळ्या कारकिर्दीत एक पिक्चर मात्र बिनहाडाचा निघाला. त्यात हिरोची कंबर धरली होती आणि शेवटचा शॉट राहिला होता. खलनायक मेला, गाव त्याच्या तावडीतून सुटलं, आता हिरो घोड्यावर बसून मावळतीकडे निघून जातो. जायचं पाठमोरं, तेव्हा चेहरा कुणाचा का असेना. मास्टरनं हिरोची टोपी खाजाच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "आज गिरना मत."

खाजा पेचात पडला. पडायचं असतं तेव्हा कुठं पडायचं ते ठाऊक असतं. न पडता किती लांब जायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यानं घोडा हाकला. मागून कुणी 'कट' म्हणालं असेल, ते त्याला ऐकू आलं नाही. तो आपला ताठ बसून मावळतीकडे जातच राहिला. शेवटी युनिटची जीप पाठवून या हिरोला परत आणावं लागलं.

हा पिक्चर वसमतला लागला तेव्हा खाजा मुंबईत होता. त्यानं गावाला निरोप धाडला होता, शेवटपर्यंत बसा. लोक बसलेही असते. पण कुरुंद्याची शेवटची एस.टी. पिक्चर सुटायच्या सुमारास निघायची, आणि एस.टी.चा ड्रायव्हर पुढच्या रांगेत बसून तोच पिक्चर बघत होता. खलनायक कड्यावरून कोसळला तसा ड्रायव्हर उठला. ड्रायव्हर उठला म्हणजे कुरुंदा उठलं. नजमुन्निसाही कडेवरच्या पोराला, साजीदला, सावरत पळाली. मागे रिकाम्या बाकड्यांसमोर खाजा मिया एकटाच मावळतीकडे जात राहिला.

पुढच्या खेपेला तो खांद्याचं हाड घेऊन गावी आला आणि आल्याआल्या त्यानं विचारलं, "शेवट बघितला का?"

"बघितला की," नजमुन्निसा म्हणाली. "मेला ना त्यो."

तेव्हापासून खाजा मिया गावाला सांगत आला, की मी एकदा पडलो न्हाई. आणि गावही "बराबर, बराबर" म्हणून हसत आलं. पुढे टोप्यांचं वेड सरलं, घोडे गेले, खाजा एक पाय आखूड करून कायमचा घरी आला. आता त्यानं सत्तरी ओलांडली. कडेवरचा साजीद हळदीचा व्यापार करतो आणि सून रुक्सार घर सांभाळून त्याचा हिशेबही बघते. खाजा मिया ओसरीत बसून अंगणात वाळत घातलेल्या हळदीवरची कोंबडी हाकतो. इथवर सगळं ठीक होतं. गावाला त्याचा सत्कार करायची बुद्धी झाली, आणि घोडं अडलं.

ग्रामपंचायतीच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं. व्यंकटराव हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, गावचा मोठा शेतकरी, आणि सत्कार म्हटलं की अंगात येणारा माणूस. त्यानं शाल आणून ठेवली, बॅनरचा मजकूर ठरवला आणि तो वाचून दाखवायला स्वतः आला. मजकूर होता, 'घोड्यावरून पडण्याचे सम्राट, कुरुंदाभूषण खाजाभाई'.

खाजा मियानं ऐकून घेतलं. "मला सत्कार नको," तो म्हणाला.

"काहून?"

"मी एकदा पडलो न्हाई. ते बी लिवा."

व्यंकटराव विचारात पडला. "खाजाभाई, बॅनर गावाच्या नावानं लागून राहिलं. आमदार येणार हाय. त्यायच्या म्होरं खोटं कसं लिवावं?"

आमदारापुढे खोटं लिहायचं नाही, हा नियम कुरुंद्यात त्या दिवशी पहिल्यांदा निघाला.

इतक्यात नजमुन्निसा आतून म्हणाली, "भाऊजी, तुमी खुशाल लिवा. ह्यांचं एकूण एक हाड म्या माझ्या हातानं शेकलंय. न पडता आलेलं मला तरी ठाऊक न्हाई."

गाव हसलं तर हसलं, त्याचं खाजा मियाला फारसं काही नव्हतं. पण जिच्यासमोर आयुष्यभर मोडून-तोडूनच आला, तिनं एकदा तरी आपल्याला ताठ बसलेलं बघावं, एवढीच त्याची आस होती, आणि आता तर तिनंच चारचौघांत निकाल देऊन टाकला होता. त्या दुपारी तो जेवला नाही. कोंबडी हळदीवर चढली तरी त्यानं हुसकली नाही.

सासरा जेवत नाही म्हटल्यावर रुक्सारनं मोबाईल हातात घेतला. "अब्बा, पिक्चरचं नाव काय?"

"बिनहाडाचा."

"असं न्हाई. त्याच्यात काय व्हतं?"

खाजा मियानं डोकं खाजवलं. खलनायकाच्या खांद्यावर एक मुंगूस बसलेलं असायचं, एवढं त्याला आठवलं. मुंगसानं मास्टरला चावा घेतला होता, म्हणून. रुक्सारनं मुंगूस, टोपी, घोडा असं जे सुचेल ते घालून शोधलं. दोन दिवस घरात भलभलते पिक्चर वाजत होते. तिसऱ्या दिवशी मुंगूस सापडलं.

रविवारी दुपारी रुक्सारनं मोबाईल टीव्हीला जोडला. व्यंकटराव आला, गल्ली आली, ज्यांना मागच्या वेळी टॉकीजमध्ये जागा मिळाली नव्हती तीही मंडळी आली. खाजा मियानं सगळ्यांना बजावलं, शेवटपर्यंत बसायचं. सगळ्यांनी मान डोलावली. पिक्चर सुरू झाला आणि पहिला घोडेस्वार पडताच ओसरी टाळ्यांनी दणाणली.

"हा बी तुमीच का?" व्यंकटरावानं विचारलं.

"हा बी मीच."

"आन् ह्यो मिशीवाला?"

"त्यो बी. पन तुमी शेवट बघा."

शेवटी एकदाचा खलनायक मुंगसासकट कड्यावर आला. झटापट झाली. मुंगूस पळालं, खलनायक कोसळला. व्यंकटरावानं हात ताणून आळस दिला, "झालं बाबा," म्हणाला आणि उठला. त्याच्यामागे सगळी ओसरी उठली. कुणी चप्पल शोधू लागलं, कुणी चहाची आठवण काढली, रुक्सार लगबगीनं आत गेली. आता कुठली एस.टी. धरायची नव्हती, कसली घाई नव्हती. पण खलनायक मेल्यावरही बसून राहायचं असतं, हे कुरुंद्याच्या हाडीमाशी कधी खिळलंच नव्हतं. खाजा मिया "थांबा, थांबा" म्हणत राहिला. ते चपलांच्या गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही.

नजमुन्निसा तेवढी बसून होती, तीही निष्ठेनं नव्हे. तिचे गुडघे धरले होते आणि उठवायला कुणी हात दिला नव्हता.

पडद्यावर माळ होता. टोपी घातलेला एक पाठमोरा माणूस घोड्यावर बसून मावळतीकडे चालला होता. संथ, ताठ, इकडेतिकडे न बघता. बघता बघता त्याच्यावर भलीमोठी 'समाप्त' अशी अक्षरं आली, आणि तो अक्षरांच्या फटींतून दिसेनासा झाला.

खाजा मिया नजमुन्निसाकडे वळला. "बघितलंस? न्हाई पडलो."

नजमुन्निसा पडद्याकडेच बघत होती. "तुमीच हाव हे," ती म्हणाली.

"वळखलंस कसं? नुसती पाठ तर हाय."

"तीच तर वळखते. मुंबईला निघालाव की अशेच जायचाव. म्या दारात हुभी, आन् तुमी एकदा बी मागं वळून बघायचं न्हाई." तिनं पदरानं डोळे पुसले. "मला आपले पडलेलेच बरे वाटायचे. पडलाव की घरी यायचाव."

जन्मभर खाजा मियाला पडल्याची लाज वाटत आली होती. आज पहिल्यांदा, त्या एकदा न पडल्याची वाटली. त्यानं हळूच तिच्यासमोर हात पुढे केला. ती "आई गं" करत त्या आधारानं उठली, आणि उठल्यावरही तिनं हात सोडला नाही.

अंगणातून बशीतला चहा फुंकत व्यंकटराव आला. "खाजाभाई, मग बॅनरचं काय करायचं?"

"लिवलंय तेच राहू द्या."

"आन् ते एकदा न पडल्याचं?"

"ते नगा लिवू," खाजा मिया म्हणाला. "ते घरातलं हाय."