दारातला उजेड

माझी आत्या तीस वर्षं सौंदर्यप्रसाधनांच्या एकाच काउंटरमागे उभी राहून बायकांच्या डोळ्यांना रंग निवडून देत आली. दुकानातल्या झगझगीत दिव्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. कुणी डोळ्यांना लावायची पेन्सिल हातावर ओढून बघायला लागलं, की ती विचारायची, हाताला कुठे डोळे आहेत? मग त्या बाईला दारापर्यंत न्यायची, उजेडाकडे तोंड करून उभी करायची आणि हनुवटी वर करून निवांत बघायची. घाऱ्या डोळ्यांना जांभळट, केस पिकायला लागलेल्यांना तपकिरी. पिकल्या केसांवर काळी रेघ ओढली की बाई सदा रागावलेली दिसते, असं तिचं ठाम मत. महागातली पेन्सिल कुणाच्या गळ्यात मारणं तिला जमलं नाही, म्हणून मालकाचं आणि तिचं अधूनमधून वाजायचं.

जुळ्या मुलींच्या बाळंतपणानंतर मी तिच्याच काउंटरवर कामाला लागले. झोपेचं खोबरं झालेलं होतं, पण कामात कसूर नको म्हणून एका सकाळी मी पेन्सिलींचा ट्रे धुतला आणि सगळ्या पेन्सिली फिक्यापासून गडदपर्यंत लावून ठेवल्या. नको तिथे माझी हुशारी.

दुपारी एक शाळेतल्या बाई आल्या. आत्याने त्यांना दारात नेलं, तपकिरी सांगितली आणि ट्रेमधून पेन्सिल उचलून दिली. आत्याने दिलेली पेन्सिल उघडून बघायची कुणाला गरज वाटत नसे. दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या, तेव्हा त्यांनी सांगितलं की पहाटेच्या अंधारात घाईत तशीच लावली आणि सगळा वर्ग डोळ्यांकडे बघून हसत बसला. पेन्सिल गडद हिरवी होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत्या दोन वर्षं रंग बघून नाही, ट्रेमधले खण मोजून पेन्सिली देत होती, आणि मी त्यांच्या जागाच बदलल्या होत्या. खोदून विचारल्यावर तिने कबूल केलं, मोतीबिंदू पिकला होता; तोवर तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. रोज दारात नेऊन शेकडो चेहरे बघणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे मी एकदाही नीट बघितलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

मालकाने सांगितलं, डोळे दाखवा, नाहीतर मागे पॅकिंगला बसा. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. आत्या म्हणाली, हात दाखवून अवलक्षण कशाला? मी तिच्या मागेच लागले, तेव्हा ती हळूच बोलली.

"ऑपरेशन झालं आणि रंगच ओळखू आले नाहीत तर? आत्ता निदान अंधुक तरी दिसतंय. रंग गेले तर माझ्याजवळ राहिलं काय गं?"

मी फक्त तिच्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होईपर्यंत दोन महिने गेले. मग एका सकाळी ती काळा चष्मा लावून दुकानात आली. मालक गल्ल्यावरून बघत होता. आत्याने ट्रे पुढे ओढला आणि चष्मा काढला. मला वाटलं, आता एकेका पेन्सिलीचा रंग सांगेल. तिने माझा हात धरला आणि मला दारात नेलं. हनुवटी वर केली. बराच वेळ बघत राहिली.

"तुला मी कायम काळी देत आले," ती म्हणाली. "चुकलंच माझं. तुझ्या डोळ्यांखाली एवढं काळं आहे, त्यात आणखी काळी कशाला? तपकिरी लाव." मग तिने अंगठा माझ्या डोळ्याखालून फिरवला. "किती दमलीयेस गं पोरी. मला दिसलंच नाही. रविवारी मुलींना माझ्याकडे आण आणि दिवसभर झोप."

मी तिथेच रडायला लागले. रेघ ओघळेल म्हणून तिने आधी मला दटावलं आणि मग स्वतःच रडली. डॉक्टरांनी तिला अजून डोळ्यांत पाणी आणायची परवानगी दिली नव्हती.